उरल्यासुरल्याचा हिशेब
(धाराशिव येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुक्तिसंग्रामाच्या काळात ज्यांनी मराठवाड्यात शाळा चालवल्या, त्या शिक्षकांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे. आपल्याच जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला, निजामी राजवटीत लोकांनी स्वतःच्या बळावर राष्ट्रीय शाळा चालवली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले, पण त्याआधी ते या खेड्यातल्या शाळेत मुलांना शिकवत होते. ज्ञान राजधानीत तयार व्हावं आणि खेड्यानं ते नुसतं पदरात पाडून घ्यावं, हे त्या पिढीला मान्य नव्हतं. माझा विषय अन्न अभियांत्रिकीचा आणि वनस्पतींपासून बनणाऱ्या पदार्थांचा, म्हणजे जैवपदार्थांचा आहे. वरवर पाहता त्याचा त्या शाळेशी संबंध दिसणार नाही. तरी मला आज जे सांगायचं आहे, त्याची दिशा तीच आहे.

सध्या जगभर पिकांच्या अवशेषांवर संशोधन चालू आहे. उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, ताटल्या, स्टार्चपासून पिशव्या, सोयाबीनपासून डिंक, फळांच्या सालींपासून पातळ पापुद्रे. प्रत्येक शोधनिबंधाची सुरुवात ठरलेली असते: अमुक इतका शेतीकचरा वाया जातो, त्याचं मोल वाढवायला हवं. हेतू चांगला आहे. माझंही आयुष्य याच कामात गेलं. पण धाराशिवसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात राहून हे काम करणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही. इथं वाया जाणारं फार थोडं आहे. जे संशोधकाला फुकट वाटतं, ते कुणाच्या तरी गोठ्यात, चुलीत, छपरावर किंवा रानात कामी येत असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की अवशेष प्रयोगशाळेत नेण्याआधी गावात विचारावं, हे आज कुणाच्या कामी येतं? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावरच संशोधन सुरू व्हावं. आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

पाणी काढण्याचं शास्त्र

आधी अन्न अभियांत्रिकी म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी भूम, वाशीकडच्या खव्याच्या भट्टीवर जाऊ. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सरमकुंडी फाट्यावरून हा खवा लांबलांबच्या शहरांत जातो. भट्टीवर काय चालतं? मोठ्या कढईत दूध उकळतं आणि माणूस खुरप्यानं तळ सारखा खरवडत राहतो. हात थांबला की दूध तळाला लागतं, खव्याला करपट वास येतो आणि सगळा घाणा हातचा जातो. दूध दाट होत जातं, बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाज बदलतो, कडेनं तूप सुटायला लागतं. जाणता कारागीर त्या आवाजावरून आणि खुरप्याला लागणाऱ्या जोरावरून कढई कधी उतरवायची ते ठरवतो. हे कसब आहे आणि ते शिकायला वर्षं लागतात.

आता त्याच भट्टीचा हिशेब मांडू. गायीच्या दुधात शंभरात साधारण १३ भाग घन पदार्थ आणि ८७ भाग पाणी. पाच किलो दूध घेतलं तर त्यात ६५० ग्रॅम घन पदार्थ असतात. पिंडी प्रकारच्या खव्यात शेकडा ६५ भाग घन असावेत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पाच किलो दुधाचा एक किलो खवा, आणि मधलं चार किलो पाणी वाफ करून उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. चार किलोला झाली नऊ हजार. शिवाय थंड दूध उकळीला आणायला आणखी दीड हजाराच्या आसपास. एकूण साडेदहा हजार किलोज्यूल. वाळलेलं लाकूड किलोमागे पंधरा-सोळा हजार किलोज्यूल देतं, म्हणजे पाऊण किलोच्या आत लाकडात एक किलो खवा व्हायला हवा. पण उघड्या भट्टीतली बहुतेक उष्णता हवेत जाते. शंभरातले पंधरा भाग जरी दुधाला लागले असं धरलं, तरी एका किलो खव्यामागे साडेचार किलोच्या आसपास लाकूड जळतं. हे लाकूड बालाघाटाच्या डोंगरातून, बांधावरच्या बाभळींतून येतं.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात, साखर कारखान्यांत, रोज चालू असतो. उसाचा रस आटवताना पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवलेला असतो, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. ही योजना अमेरिकेतल्या लुइझियानाच्या नॉर्बर्ट रिल्यू या अभियंत्यानं १८४० च्या दशकात सिद्ध केली. वर्णद्वेषाच्या त्या काळात, स्वतंत्र कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या या माणसानं साखरेच्या धंद्याचं इंधन वाचवलं. एक किलो वाफेत चार किलोच्या जवळपास पाणी उडतं. हेच तत्त्व खव्याला का लावू नये?

इथं कारागिराचं ज्ञान आडवं येतं, आणि ते योग्यच आहे. खव्याचा दाणा, रंग आणि खमंग वास कढईतल्या शेवटच्या टप्प्यात येतो. तो टप्पा यंत्रानं गाळला तर जे हाती येईल ते आटवलेलं दूध असेल, खवा नसेल. पण दूध १३ टक्के घनापासून ४० टक्क्यांपर्यंत यंत्रात आटवलं, तर पाच किलो दुधातलं सव्वातीन किलोहून जास्त पाणी कमी इंधनात निघून जातं. कढईसाठी उरतं जेमतेम सहाशे-सातशे ग्रॅम. लाकूड वाचतं, धूर कमी होतो, आणि दाण्याचा टप्पा कारागिराच्या हातातच राहतो. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं सतत खवा करणारी, आतून खरवडत राहणारी यंत्रं विकसित केली आहेत. ती भट्टीवाल्याच्या ऐपतीत कशी बसवायची, हा पुढचा अभियांत्रिकी प्रश्न आहे.

अन्न टिकवणं म्हणजे मुळात पाण्यावर ताबा मिळवणं. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं. शुद्ध पाण्याचं हे माप १ धरलं, तर ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, ०.८० च्या खाली बहुतेक बुरशींची, आणि ०.६० च्या खाली कशाचीच वाढ होत नाही. खव्यात हे माप इतकं जास्त असतं की उन्हाळ्यात तो दोन-चार दिवसांत आंबतो किंवा त्यावर बुरशी धरते. पेढ्यात साखर पाणी धरून ठेवते, म्हणून पेढा जास्त टिकतो. मानांकन मिळालं की काम संपत नाही. पाणी किती, फॅट किती, पिष्टाची भेसळ नाही ना, हे मोजून दाखवता आलं तरच त्या मानांकनाला बाजारात वजन येतं. पिष्टाची भेसळ तर आयोडीनच्या एका थेंबानं निळी पडून दिसते. इतकी साधी चाचणीसुद्धा गावातल्या गावात होत नसेल, तर नावाचा फायदा भेसळ करणारे घेऊन जातील.

दाणा आणि कडबा

आता अवशेषांकडे वळतो. आपल्या भागात रब्बीची ज्वारी म्हणजे मालदांडी. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवड पद्धतीनं काढलेलं एम ३५-१ हे वाण अजूनही शेतकरी सोडत नाही. १९६४ पासून ज्वारीचे संकरित वाण आले. त्यांचा दाण्याचा उतारा जास्त होता आणि खरिपात ते पसरलेही. रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. भाकरीची चव हे एक कारण. दुसरं कारण कडबा. उंच, गोड, जनावरं आवडीनं खातात असा कडबा मालदांडीच देते, आणि दुष्काळी वर्षी कडब्याचे पैसे दाण्याच्या बरोबरीनं होतात. संशोधकांनी दाणा मोजला होता, शेतकऱ्यानं दाणा आणि कडबा दोन्ही मोजले. पुढे पैदासकारांनी कडब्याचं वजन आणि पचनीयता हेही निकष धरले, तेव्हा कुठं रब्बीच्या वाणांचं काम रुळावर आलं.

जैवपदार्थांच्या संशोधनानं हा धडा घ्यायला हवा. ज्वारीच्या ताटात सेल्युलोज भरपूर असतं, त्याचा उत्तम लगदा होतो, यात वाद नाही. पण २०१३ ला आणि २०१९ ला ज्यांनी चारा छावण्यांच्या रांगा पाहिल्या, त्यांच्यासमोर उभं राहून मी कडब्याच्या ताटल्या करा असं सांगू शकत नाही. तुराट्यांची तीच गोष्ट. त्या चुलीत जातात, कुडाला लागतात. सोयाबीनचं भुसकट जनावरं नाखुशीनं का होईना खातात, नाहीतर ते रानात कुजून मातीला परत मिळतं. आपल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. रानातून सगळंच उचलून नेलं, तर कारखान्याचा ताळेबंद वाढेल आणि मातीचा घटेल.

बगॅसचं उदाहरण जरा वेगळं आहे. एक टन उसातून २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतो, त्याच वाफेवर गाळप चालतं आणि जास्तीची वीज विकली जाते. म्हणजे बगॅसला धनी आहे. पण इथं बचतीला वाव आहे. वाफ काटकसरीनं वापरली तर जो बगॅस शिल्लक राहतो, त्याचा लगदा करून ताटं-वाट्या करणं रास्त ठरतं. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, आणि लग्नसमारंभांत बगॅसची ताटं दिसू लागली. त्यांच्याबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. कागदी किंवा लगद्याच्या ताटातून तेलकट रस्सा झिरपू नये म्हणून जगात काही ठिकाणी फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ही रसायनं निसर्गात मोडत नाहीत आणि शरीरात साठतात. डेन्मार्कनं २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्यावर बंदी घातली. ताट उसाचं आहे एवढ्यावर समाधान मानू नये, त्यावर काय फासलंय तेही विचारावं.

चिंचोका

मग आपल्या जिल्ह्यात असं काय आहे, जे उचलल्यानं कुणाचं काही हिरावलं जात नाही? माझ्या मते या यादीत सर्वांत वर चिंचोका बसतो.

चिंच आपल्या बांधावर, रस्त्याकडेला, देवळामागे आहे. तिला पाणी घालावं लागत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही मानांकन मिळालं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच झोडली जाते, घराघरांत बाया टरफल काढतात, चिंच फोडून चिंचोके वेगळे करतात. शेंगेच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा चिंचोक्यांचा असतो. गराला भाव असतो. चिंचोके पोत्यानं स्वस्तात विकले जातात आणि त्यांवरची पुढची प्रक्रिया बहुतेक दुसरीकडे होते. थोडे भाजून खाल्ले जातात, थोडे सारीपाटाला लागतात.

पण आपल्या भागातल्या एका समाजानं चिंचोक्याचं मोल फार पूर्वी ओळखलं होतं. घोंगडी विणणारे कारागीर चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करतात आणि मागावर चढवण्याआधी लोकरीच्या ताण्याला लावतात. धागा ताठ होतो, तुटत नाही, त्याची कुसळं बसतात. ही खळ का चिकटते, याचं उत्तर रसायनशास्त्रानं खूप नंतर दिलं. चिंचोक्याच्या आतल्या गरात पन्नास टक्क्यांहून जास्त एक बहुशर्करा असते, झायलोग्लुकान. तिच्या रेणूचा कणा सेल्युलोजसारखाच ग्लुकोजच्या साखळीचा, आणि त्याला बाजूनं झायलोज व गॅलॅक्टोजच्या लहान फांद्या. कणा सारखाच असल्यामुळे ती सुताला आणि तागाला घट्ट धरते. फांद्यांमुळे ती पाण्यात फुगते आणि दाट होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत घोष आणि कृष्णा या शास्त्रज्ञांनी चिंचोक्यातून ही बहुशर्करा वेगळी केली आणि ती फळांतल्या पेक्टिनसारखी जेली बांधते, हे दाखवलं. पेक्टिनला जेली बांधायला आम्लता लागते, चिंचोक्याच्या या पदार्थाला आम्लतेची अट नाही. त्याच काळात धान्याची टंचाई असताना कापडगिरण्यांनी धान्याच्या पिष्टाऐवजी चिंचोक्याची पूड खळीला घेतली. १९६४ मध्ये जपानमधल्या एका औषध कंपनीनं ही बहुशर्करा शुद्ध करून बाजारात आणली. जपानी लोक सॉस, आइसक्रीम, लोणची यांत ती वापरतात. चिंच आपली, शोध आपल्या देशातला, आणि शुद्ध मालाची मोठी बाजारपेठ उभी राहिली परदेशात.

प्रयोगशाळेत यापासून वेष्टनासाठी पापुद्रा कसा करतात, ते जवळून पाहण्यासारखं आहे. चिंचोके भाजले की वरची तपकिरी साल सुटते. तिच्यात टॅनिन असतं, ती राहिली तर सगळं काळपट होतं. आतला पांढरा गर दळून पूड करतात. पूड आधी गार पाण्यात कालवायची. गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. मग ढवळत उकळायचं, रात्रभर स्थिर ठेवायचं. प्रथिनं आणि चोथा तळाला बसतो. वरचं निवळ ओतून घेऊन त्यात अल्कोहोल घातलं की झायलोग्लुकान पांढऱ्या धाग्यांसारखं वेगळं पडतं. ते धुऊन, वाळवून पुन्हा पाण्यात विरघळवायचं, थोडं ग्लिसरीन घालायचं आणि काचेवर पातळ पसरून वाळवायचं. दुसऱ्या दिवशी काचेवरून स्वच्छ, पारदर्शक पापुद्रा सोलून निघतो. ग्लिसरीन नसतं तर तो हातात तुटला असता.

आता याची परीक्षा. पापुद्र्याच्या पुडीत तेल ठेवलं तर ते झिरपत नाही. कोरड्या हवेत तो प्राणवायूही चांगला अडवतो. पण पाण्याची वाफ त्यातून सहज जाते, आणि दमट हवेत तो स्वतःच मऊ पडतो. हे मापण्याची रीत सोपी आहे. लहान वाटीत पाणी शोषणारा पदार्थ ठेवायचा, वाटीच्या तोंडाला पापुद्रा घट्ट बसवायचा, ती दमट पेटीत ठेवायची आणि ठरावीक वेळानं वजन करायचं. वजन जितकं वाढलं, तितकी वाफ आत आली. यावरून सरळ निष्कर्ष निघतो, की खवा या पापुद्र्यात बांधून चालणार नाही. खव्यातलं पाणी पापुद्र्याला भिजवेल आणि दोघंही खराब होतील. शेंगदाण्याची चटणी, तिळाची पूड, मसाले यांचं तसं नाही. त्यांना खवट करणारा शत्रू प्राणवायू आहे आणि त्यांना तेल न झिरपणारं वेष्टन हवं असतं. तिथं हा पापुद्रा उपयोगी ठरू शकतो. पावसाळ्याच्या दमट हवेसाठी त्याला वरून मेणाचा पातळ थर लागेल.

आणि मेण पुन्हा आपल्याच जिल्ह्यात आहे. उसाच्या कांडीवर जो पांढरा थर असतो, ते मेण रस गाळताना मागे राहणाऱ्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये, जातं. वाळवलेल्या प्रेसमडमध्ये शेकडा पाच ते चौदा भाग कच्चं मेण असतं. प्रेसमडचं आज खत होतं, बायोगॅस होतो. मेण काढून घेतलं तरी उरलेला भाग खताला तसाच चालतो. म्हणजे इथं कुणाचंच नुकसान नाही. मात्र मेण काढायला द्रावक लागतं, ते परत मिळवावं लागतं, आणि खर्चाचं गणित तिथंच ठरतं. हे गणित मांडल्याशिवाय मी कुणालाही कारखाना काढायला सांगणार नाही.

एका प्रयोगशाळेची रीत

असं संशोधन कसं करावं याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या लोकांच्या तोंडी यूडीसीटी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. तिथल्या अन्न अभियांत्रिकी विभागात प्रा. रेखा सिंघल यांनी दीर्घकाळ काम केलं. त्यांनी आणि प्रा. पुष्पा कुलकर्णी यांनी राजगिऱ्याच्या पिष्टाचा बारकाईनं अभ्यास केला. उपासाला खाल्ल्या जाणाऱ्या राजगिऱ्याच्या पिष्टाचे कण एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे मक्याच्या किंवा बटाट्याच्या पिष्टापेक्षा फारच बारीक असतात. त्यामुळे त्याचे उपयोगही वेगळे.

पुढे सिंघल यांच्या विद्यार्थ्यांनी वेलदोड्याच्या अर्काचा प्रश्न हाती घेतला. अर्कातला सुगंध हवेत उडून जातो, म्हणून त्याच्या थेंबाभोवती कवच घालून पूड करतात. कवचासाठी जगभर गम अरेबिक वापरतात. तो मुख्यतः सुदानकडच्या बाभळीच्या जातीच्या झाडांतून येतो, महाग असतो आणि त्याचा पुरवठा बेभरवशाचा. २००५ मध्ये ‘कार्बोहायड्रेट पॉलिमर्स’ या नियतकालिकात त्यांनी दाखवलं, की सहा भागांपैकी चार भाग गम अरेबिक आणि माल्टोडेक्स्ट्रिन व बदललेलं पिष्ट एकेक भाग, असं मिश्रण नुसत्या गम अरेबिकपेक्षा सुगंध चांगला राखतं. पुढे जिऱ्याच्या अर्कावरही असंच काम झालं. यात शिकण्यासारखं हे, की त्यांनी महागड्या वस्तूला रद्द केलं नाही. किती भाग बदलता येतो ते मोजलं आणि तेवढाच बदलला. सिंघल, कुलकर्णी आणि रेगे यांचा १९९७ मधला अन्नाची गुणवत्ता व अस्सलपणा यांच्या निर्देशकांवरचा ग्रंथ याच वृत्तीतून आला. पदार्थ अस्सल आहे हे कोणत्या मापावरून ओळखावं, हा त्याचा विषय.

विद्यापीठातलं काम कारखान्यापर्यंत पोहोचतं का, असं लोक विचारतात. पोहोचतं, पण त्याला योग्य भागीदार लागतो. प्लायवूडमध्ये फॉर्मल्डिहाइडचे डिंक वापरले जात. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणारं ठरवलं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्य विद्यापीठात काइचांग ली हे संशोधक, समुद्राच्या लाटा अंगावर येत असतानाही शिंपले खडकाला कसे चिकटून राहतात, याचा विचार करत होते. त्या प्रथिनांच्या रचनेवरून त्यांनी सोयाबीनच्या पिठाचा डिंक पाण्यात टिकेल असा बदलला आणि तो प्लायवूड कंपनीनं व्यवहारात आणला. आपला जिल्हा सोयाबीनचा. आपलं सोयाबीन लातूरच्या बाजारात दाणा म्हणून जातं, तेल निघतं, पेंड कोंबडीखाद्याला जाते. पेंडीचा जो भाग खाद्याच्या प्रतीचा नसतो, पावसात भिजून डागी झालेला असतो, तो डिंकाला वापरता येईल का, हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्यानं सोडवावा असा आहे.

विघटनाची खरी कसोटी

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वनस्पतीपासून बनलं म्हणजे मातीत आपोआप मिसळलं, असं नसतं. लॅक्टिक आम्लापासून केलेलं पीएलए हे प्लॅस्टिक साखरेपासून बनतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४ मध्ये जेजुरीला त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला आहे, आणि ऊस पिकवणाऱ्या राज्याला ती आशेची गोष्ट आहे. पण पीएलए झपाट्यानं कुजायला ५८ अंशांच्या आसपास तापमान आणि भरपूर ओलावा लागतो. ते औद्योगिक खतप्रकल्पात मिळतं, तुळजापूरच्या यात्रेनंतर रस्त्याकडेला पडलेल्या पेल्याला मिळत नाही. म्हणून पदार्थ कुठून आला याच्याइतकंच तो शेवटी कुठं जाणार, हेही विचारावं लागतं. चिंचोक्याचा पापुद्रा ओल्या मातीत लवकर मोडतो, हा त्याचा मोठा गुण आहे. पाण्यापुढे न टिकणं ही त्याची दुर्बलताही त्याच गुणातून आली आहे. दोन्ही एकत्र मान्य करून काम करावं लागतं.

इथं काय करता येईल

आपल्याकडे तज्ज्ञ म्हणतील की साधनं नाहीत. गुजरातमधल्या आनंदला १९५० च्या दशकात जगातले तज्ज्ञ असंच काहीसं सांगत होते, की म्हशीच्या दुधाची पूड होत नाही. एच. एम. दलाया या अभियंत्यानं ती करून दाखवली, १९५५ मध्ये कारखाना उभा राहिला आणि देशाचा दुधाचा इतिहास बदलला. त्यांच्या हाती जे दूध होतं, त्यालाच त्यांनी प्रश्न विचारला.

आपल्या आसपास संस्था कमी नाहीत. विद्यापीठाचं उपकेंद्र या शहरात आहे, तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६ पासून अभियंते घडवतंय. माटुंग्याच्या संस्थेचं मराठवाडा केंद्र २०१८ पासून जालन्याला आहे. कमी आहे ती गावाची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी नोंद.

म्हणून मी दोन गोष्टी मागतो. पहिली, जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत उरल्यासुरल्याची नोंदवही. कोणता अवशेष, कोणत्या महिन्यात, किती, आज कोण वापरतं, चांगल्या वर्षी काय भाव आणि दुष्काळात काय भाव. हे काम महाविद्यालयातल्या मुलांना करता येईल. त्यासाठी वजनकाटा, वही आणि घरोघर विचारायची तयारी लागते. ही नोंद हाती असली, तर बाहेरून येणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाला आपण पुराव्यानिशी सांगू शकू, हे घ्या, ते सोडा.

दुसरी, जिल्ह्यात एक साधी चाचणीशाळा. ओलावा, मोकळं पाणी, फॅट, भेसळ, वेष्टनातून जाणारी वाफ, एवढं जरी मोजता आलं तरी खवेवाल्यापासून चटणीच्या बचत गटापर्यंत सगळ्यांचा उपयोग होईल. आज एका नमुन्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तर तो खर्च लहान धंद्याला परवडत नाही, आणि मग तो मोजल्याशिवाय विकतो.

आणि या सगळ्यात चिंच फोडणाऱ्या बाईचा वाटा ठरला पाहिजे. चिंचोका जर उद्या औषधाच्या गोळीत आणि अन्नाच्या वेष्टनात जाणार असेल, तर डागी नसलेला, कीड नसलेला चिंचोका निवडून देण्याची मजुरी वेगळी मिळायला हवी. माल शुद्ध होण्याची सुरुवात तिच्या हातून होते. तिचा वाटा हिशेबात नसेल, तर त्या संशोधनानं गावातून आणखी एक वस्तू स्वस्तात उचलली, एवढाच त्याचा अर्थ होईल.

इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना शेवटी एवढंच सांगतो. चांगला प्रश्न शोधायला लांब जाऊ नका, पण त्याचं उत्तर जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत टिकेल इतकं काटेकोर काढा. चिंचेचा हंगाम जवळ आला आहे. नोंदवहीचं पहिलं पान या हंगामात भरायला घ्या, गाव तुम्ही निवडा. वजनकाटा घेऊन मी तुमच्याबरोबर येईन.